काठावरचा लाल दोरा

मंगला : इथं बोट ठेवा, आबा. नाही, थोडं वर. लागतं काही?

भिवा : काय लागंल? कापड शे.

मंगला : ताण्यातला उभा धागा तुटलाय आणि तुम्ही गाठ मारलीय. काल भिंगाखाली दिसली.

भिवा : मंग? तुटलेला धागा जोडायचाच. सुरतेत येऊन वीस वर्षं दुसरं काय केलं मी?

मंगला : साडीत जोडा. हे रॉकेटचं कापड आहे. कापडाचं जे अख्खं ठाण आपण रॉकेट केंद्रावर पाठवलं, त्याचाच राखून ठेवलेला तुकडा.

भिवा : त्या केंद्रावरच्या निमकर साहेबाचं? कापड कसं विणायचं त्याचे फ्रान्सवाल्यांचे कागद घेऊन आला व्हता तो? आपल्या घरी ठेचा खाल्ला आन् डोळे पुसत बसला.

मंगला : तेच. त्या कागदात काय लिहिलं होतं?

भिवा : धागा तुटला की काठाला लाल दोरा बांधायचा. तेवढं मीटरभर कापड कापून टाकायचं.

मंगला : का, ते आठवतं?

भिवा : ते तुले कळलं असंल, बीएस्सी तू शे.

मंगला : रॉकेटची आग ज्या नळीतून बाहेर पडते, तिला आतून हे कापड राळेत भिजवून गुंडाळतात आणि भाजून घट्ट करतात. गाठीखाली राळ पोचत नाही. मोहरीएवढी पोकळी राहते. आग तेवढीच जागा शोधत असते.

भिवा : पडलं का रॉकेट?

मंगला : उडवलंच नव्हतं. जमिनीला बांधून नुसतं पेटवून बघत होते. नळी एका बाजूनं जळून फुटली.

भिवा : माणसं?

मंगला : लांब होती. कोणाला काही झालं नाही.

भिवा : मंग झालं तर.

मंगला : निमकरांना कामावरून बाजूला केलंय. राळ त्यांनीच नीट भाजली नाही म्हणतात. पुढच्या सोमवारी चौकशी आहे. हे त्यांचं पत्र. ‘कापडावर मी शंका घेतलेली नाही. भिवाआबांनी विणलं आणि तुम्ही तपासलं, असं मी लिहून दिलं आहे.’

भिवा : परत वाच.

मंगला : नको.

भिवा : आमच्यात लाल दोरा म्हंजी माल खराब, पोरी. येणारा-जाणारा बघतो, कोणाच्या मागावर लागला ते. माझ्या मागाला कधीच लागला नही. मले वाटलं, भिवाची गाठ कोणाले सापडंल?

मंगला : मला सापडायला हवी होती. खालून दिवा, वरून भिंग, एक एक मीटर पुढं सरकवायचं. पगार त्याचाच मिळतो मला.

भिवा : मंग तवा का नही सापडली?

मंगला : ठाणावर तुमच्या मागाचा नंबर होता. मी उलगडलंच नाही. तपासल्याचा शिक्का मारला.

भिवा : बघितलंच नही?

मंगला : नाही.

भिवा : आन् मी सगळ्यांले सांगत व्हतो, माझी पोर माझंबी कापड तपासल्याबिगर सोडत नही.

मंगला : आबा, मी चौकशीवाल्यांना हे कळवणार आहे.

भिवा : शेठ मले मागावरून उतरवंल. तुझीबी नोकरी जाईल.

मंगला : हो.

भिवा : दुसरीकडं तपासणीचं काम कोण देईल तुले?

मंगला : मी तरी दिलं नसतं.

भिवा : लिव मंग. भिवानं गाठ लपवली, असं लिव.

मंगला : आधी माझं लिहिते. शिक्का शेवटचा होता.

भिवा : पयलं, शेवटलं तू ठरव. आईच्या डब्यातून लाल दोरा काढ. तो तुकडा दे इकडं. भिंग राहू दे.

(भिवा डोळे मिटून कापडावरून अंगठा फिरवतो. अंगठा थांबतो तिथं तिथं काठाला एकेक दोरा बांधतो.)

मंगला : आबा, मला चारच गाठी सापडल्या होत्या.

भिवा : सात लिव.