पेटीतलं रिव्हॉल्व्हर

ओहायोतल्या बंदुकांच्या प्रदर्शनात विकायला आलेल्यांची रांग होती. एल्डनच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"व्हर्लिन, रागावू नकोस. हे रिव्हॉल्व्हर मी मागच्या महिन्यात नेमबाजीला नेलं होतं."

"लोर्ना, चाळीस वर्षांत यातून गोळी सुटलेली नाही, म्हणून तर किंमत आहे. सुटली असेल तर निम्मेच मिळतील."

"आणि तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन राहील. कळतं मला."

"किती उडवल्यास?"

"आधी भाव विचारला. पन्नास गोळ्यांना नव्वद डॉलर. म्हटलं, एवढ्यात दोन टर्की येतील. तसंच आणून पेटीत ठेवलं."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"आणि मी गोळ्यांच्या त्या भाववाढीला रोज शिव्या घालतोय."

"घाल की. पण हळू, मागचे ऐकतायत."

एल्डन हसू दाबून छताकडे बघू लागला.