दोन मिनिटं साधा श्वास

ताई : ...म्हणजे आज दम्याच्या तपासणीत नळी तोंडात धरल्यावर तिथली मुलगी ‘घे, घे, अजून घे’ म्हणालीच नाही?

बारक्या : छे! म्हणाली, काका, पेपर वाचताना घेता तसा साधा श्वास घ्या. दोन मिनिटं नुसतं बसायचं. मला तर करमेना. तुझ्या तपासणीच्या खोलीत काय दंगा असायचा, ताई!

ताई : अरे, बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा माझ्या तालावर श्वास ओढायची. तीस वर्षं ओरडले.

बारक्या : शिपाई दार उघडून बघायचा, आत बाळंतपण चाललंय की काय.

ताई : चावट मेला! पण छाती भरून श्वास घेणारा पेशंट आला की मला कोण आनंद व्हायचा. आणि तुझ्याइतका लांब श्वास कुणाचाच नव्हता. पळणारं पोर तू.

बारक्या : तिथंच तर घोळ झाला. हा बघ आजचा रिपोर्ट. वाफेच्या दुसऱ्याच डोसला फुंकर तीस टक्क्यांनी खाली. दमा आहे मला.

ताई : (चष्मा शोधत) दे इकडे... दुसऱ्याच? माझ्याकडे तर शेवटच्या डोसपर्यंत ठणठणीत होतास!

बारक्या : मीही तेच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमेकऱ्याच्या छातीतल्या नळ्या मुद्दाम आकसवणारी औषधाची वाफ तीच. पण दर वेळी छाती गच्च भरून ओढली, की आकसायला लागलेल्या नळ्या त्या ओढीनंच मोकळ्या होतात. दमा सौम्य असला तर मग तो सापडतच नाही.

ताई : म्हणजे मीच ओरडून ओरडून लपवला की रे.

बारक्या : तुला तसंच शिकवलं होतं. तुझी काय चूक?

ताई : शिकवलं होतं खरं. पण तेव्हाचा माझा तो चांगला कागद बघून बाबा काय म्हणाले...

बारक्या : ‘सरावाला दांडी मारायला खोकल्याचं सोंग.’ पळणं सुटलं, नाव चिकटलं. जाईपर्यंत ‘नाटक्या’च म्हणायचे मला.

ताई : लाडानं म्हणायचे रे.

बारक्या : लाडानंच. पण दर वेळी लागायचं. आज रिपोर्ट हातात आला आणि वाटलं, पळत जाऊन बाबांना दाखवावा. बावन्न वर्षांचा घोडा मी, दवाखान्याच्या फाटकात उभा राहून रडलो.

ताई : वेडा कुठला.

बारक्या : बाबा नाहीत, म्हणून तुझ्याकडे आलो. तू तरी म्हण ना, मी नाटक करत नव्हतो.

ताई : नव्हतास रे राजा. आपल्या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये नुसती लाकडी फळी होती. तुझ्या छातीतली शिट्टी मला इकडे ऐकू यायची. कागद चांगला आला, तेव्हा म्हटलं, माझेच कान खोटे.

बारक्या : मग बाबांना का नाही सांगितलंस?

ताई : नोकरी नवी होती. त्या कागदावर माझी पहिली सही होती, आणि बाबा तो सगळ्यांना दाखवत सुटले होते.