एकोणतीसचा पाढा

दवाखान्यातल्या बाकावर सासूसून माझ्या शेजारी येऊन टेकल्या. डॉक्टरांच्या खोलीतून त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे.”

“अगदी ठणठणीत, आई. विसरभोळेपणाचा आजार-बिजार काही नाही.”

“आणि मी दोन महिने आंघोळीला गेले की एकोणतीसचा पाढा म्हणून बघतेय!”

“मला सांगायचंत ना.”

“सुनेला सांगू, सासूचं डोकं चालेना म्हणून? आयतं कोलीत हातात!”

“आई!”

“टीव्हीपाशी ठेवलेला चष्मा कधी फ्रिजवर, कधी शिवणाच्या डब्यात. माणूस घाबरेल नाही तर काय?”

“मी आवरायचे हो. रोज संध्याकाळी दहा मिनिटं. घर शांत राहतं म्हणून.”

“घर शांत, सासू सैरभैर!”

“डॉक्टरांनी ‘घर कोण आवरतं?’ विचारलं, तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं मला.”

“आवरणं सोडू नकोस. फक्त चष्मा रोज खिडकीतल्या वाडग्यात. एकच जागा.”

“रोज तिथेच. शप्पथ.”

“चल, ऊठ आता.”

“थांबा, माझी पर्स कुठे गेली? इथेच तर होती!”

“मी आवरली.”