मावशींची तोंडी परीक्षा

दहावी बाहेरून देणाऱ्यांची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. मी बायकोला घेऊन आलो होतो. बाकावर शेजारी एक आई आणि तिची कॉलेजातली लेक बसली होती. आईच्या अंगावर हॉस्पिटलातल्या आयांचा गणवेश, म्हणजे ड्यूटी संपवून थेट इथेच.

"कॉमन नाऊन सांग."

"नर्स, बेड, बकेट. वॉर्डात दिसेल ते."

"कलेक्टिव्ह?"

"क्राऊड. नातेवाइकांना हाकलून हाकलून पाठ झालाय."

"ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे?"

"जे असतं, पण हाताला लागत नाही. तुझे बाबा."

"आई! ही परीक्षा पास झालीस तरच नोकरी कायम होणार आहे. पंधरा वर्षं रोजंदारीवर काढलीस."

"म्हणून तर हसतेय. हसले नाही तर उठून घरी जाईन."

"बरं, प्रॉपर नाऊन. एखाद्या माणसाचं नाव."

"बेड नंबर सात."

"तो नंबर झाला."

"आमच्यात तेच नाव असतं गं."

"मग स्वतःचं सांग."

"मावशी."

"तसं तर सगळ्याच आयांना म्हणतात!"

"म्हणून तर लगेच ओ देते."

तेवढ्यात शिपायानं दारातून एक नाव पुकारलं. कुणी उठेना. त्यानं पुन्हा पुकारलं, आडनावासकट. आई मान वळवून बाकावरच्या बायकांकडे बघू लागली.

"अगं, जिचं असेल तिनं जा की बाई! नंबर जाईल."

"आई, तुलाच बोलावतायत."