बारा फुटांचा उतार

नाई नाई, चहा नोको ठानेदार साहेब — तुमी जबानी लिवा. कुठलोक आलतो आपन? हा, नाव झालं, देवीदास, वय छप्पन, राहनार अमरावती, मूळ गाव अकोल्याकडचं. धंदा काय लिवला? गवंडी? गवंडी होतो बाप्पा, आता कॉलेजात शिकवतो — हासू नोका, खरंच शिकवतो — आर्किटेक्चरच्या पोट्ट्याइले. सातवी नापास मानूस. ते बिल्डिंगीचे नकाशे काढतेत अन् मी इचारतो, ज्याले पाय चालत नाई, ज्याले डोये नाई, तो मानूस तुह्या ह्या नकाशात आत कसा जाईन रे? सर लोक पुस्तकातून सांगतेत, मी विटेतून सांगतो. माही रीत एकच. नकाशात जो रॅम्प काढला, तो मागच्या आवारात विटा लावून खरा उभा कराचा, मंग काढनाऱ्यानंच चाकाच्या खुर्चीत बसाचं अन् एकट्यानं वर जाऊन दाखवाचं. नाई जमलं? मंग घन घ्याचा अन् आपल्या हातानं फोडाचं. दुसऱ्यानं नाई — ज्यानं चुकवलं त्यानंच. रडतेत पोट्टे. रडू दे. चुकलेलं बांधकाम उभं ठेवलं का कोनाचं तरी हाड मोडते, हे पयल्याच दिवशी सांगतो मी. घन कसा धराचा तेई मीच शिकवतो. तीस वर्षं झाले साहेब, माहा घन जिथं पाह्यलं तिथंच पडला, बोटभर इकडं नाई का तिकडं नाई.

काय म्हनता? खुशालराव ठेकेदाराच्या गुडघ्याचं? सांगतो न — निसटला. हातातून घन निसटला, लागला त्याले. तसंच लिवा. पन ते मांगून, आधी पोरीचं लिवा.

गीतांजली. दर्यापूरची. धा वर्षाची असतानी काळीपिवळी जीप उलटली, कमरेखालचं सगळं गेलं. आता तिसऱ्या वर्षाले हाय, अन् हात असा का रेघ मारली तं पाहत राहा. आमचं कॉलेज काळ्या मातीवर — उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगते — म्हनून जोतं अडीच फूट वर घेतलेलं, समोर पाच पायऱ्या. दोन वर्षं दोघं पोट्टे तिले खुर्चीसगट उचलून नेत, अन् ती दात-ओठ खात वर जाये. एक दिवस मले म्हने, "काका, मी काय सोयाबीनचं पोतं हाय काय?" तिनंच अर्ज केले, तिनंच भांडन केलं, दोन वर्षं — तवा कुठं समोरचा रॅम्प मंजूर झाला. हे तिचं भांडन होतं साहेब, आमच्यातल्या एकाचंई नाई.

आता मोजमाप लिवा, हे महत्त्वाचं हाय. एक फूट चढाचं तं बारा फूट लांबी पायजे. मंग अडीच फुटाले किती? तीस. शाळेतलं पोरगं सांगन. अन् खुशालराव ठेकेदारानं किती धरली? बारा! साऱ्या रॅम्पाले बारा! काऊन? तं पुढं संस्थेच्या अध्यक्षाची मोटार उभी राह्यते, ते हालवाले कोन सांगन? अन् तपासनी कशी केली मालूम हाय का? फटफटी चढवून! आपल्या इकडं घरासमोरचा उतार गाडीसाठीच असते न — तुमच्याई घरी असन — गाडी भुर्रकन वर गेली का मिस्त्री पास. तशीच चढवली कोनीतरी, चढली, टाळ्या वाजवल्या. अरे, फटफटीले इंजिन असते, ब्रेक असते! पोरीच्या हाताले कुठलं इंजिन? वरून उद्घाटनाची चमक पायजे म्हनून चकचकीत टाईल लावली. पानी टाकलं तं मुंगी घसरन त्याच्यावर.

आज अकराले उद्घाटन. फीत, फुलं, फोटोवाला. अध्यक्ष म्हने, मुलीले वरून खाली येऊ द्या, फोटो झकास निंघन. ती वर आली, थांबली, खाली पाह्यलं — मंग — मंग निंघाली. चार फुटात खुर्ची तिच्या ताब्यात नाई राह्यली. तिनं चाकं धरले हो, सोडले नाई, तळहात सोलून निंघाले, टाईलवर रक्ताचे दोन पट्टे उमटले. खाली नालीवरची लोखंडी जाळी. पुढचं चाक त्याच्यात गेलं अन् पोरगी तोंडावर. आवाज — नारळ फुटल्यासारखा. बँडवाल्याइले समजलंच नाई, ते वाजवूनच राह्यले होते! म्या एकाचा ढोल लाथ मारून फोडला तवा थांबले. जबडा दोन जागी मोडला. हे पाहा — रुमाल सोडा — तीन दात. म्या वेचले. तुमचाच शिपाई सांगे, डॉक्टरनं जबडा तारेनं बांधला, महिनाभर तिले बोलता येनार नाई, दोन्ही हात पट्टीत, लिवताई येनार नाई.

अन् अॅम्बुलन्स फाटकाबाहेर गेली नाई तं खुशालराव काय म्हनते? "पोरीले खुर्ची आवरता नाई आली. उतार बरोबर हाय." अध्यक्ष म्हने हाव. प्रिन्सिपल मॅडम म्हने हाव. तिथंच ठरलं साहेब, उभ्या उभ्या — अशा पोरीची जबाबदारी कॉलेज घेनार नाई, घरी पाठवा, दाखला देऊन टाका. तीन वर्षाची मेहनत, अन् तिचं रक्त वाळलंबी नव्हतं! माह्या डोक्यात आग लागली. शेडमधून घन आनला. पयला घाव, टाईल उडाली. दुसरा, तिसरा — कोनी मांगून धरलं, ढकलून देल्लं — दीड-दोनशे घाव घातले असन, तोंडात चुना, हाताचे फोड फुटले, पन विटेवर वीट ठेवली नाई. चुकलं ते फोडाचं. तेच तं शिकवतो मी.

मंग खुशालराव जोळ आला. हासत आला. खांद्यावर हात ठेवला अन् हळूच म्हने, "बरं केलं देवीदास, लय बरं केलं. आता मोजन कोन?"

समजलं का साहेब? मले तवा समजलं. मोजाले काई राह्यलंच नाई. बारा होतं का तीस होतं, आता नुसता मलबा हाय. पोरीची बाजू सांगनारी एकच गोठ होती तिथं, तो उतार, अन् तो म्या — म्याच, माह्या हातानं —

नाई, पानीबी नोको! तुमी लिवाचं काऊन थांबले? लिवा, का उतार बारा फुटाचा होता. मले कसं मालूम? मालूम हाय. डोयानं समजते मिस्त्रीले. कोर्ट म्हनन डोयाचं कोन ऐकते — हाव, म्हनन. मंग लिवा का म्या टेप लावून मोजला. कवा? बांधतानी. बांधतानी मोजला! टेप कोनी धरला म्हनता? म्या धरला. झालं? म्याच बांधला तो, दिवाळीच्या सुट्टीत. खुशालरावच्या हाताखाली मी अकोल्याले थापी धराले शिकलो, त्याच्यासमोर आजबी माही मान वर होत नाई. म्हनलं त्याले, एकडाव म्हनलं, का राव, तीस पायजे. तो म्हने, "तू नाई केला तं दुसरा कोनी करन, तुह्या हातचा पक्का तरी होईन." अन् मी फुगलो, साहेब. पक्काच केला. अन् ते फटफटी — कोनीतरी नाई. मीच बसलो होतो. टाळ्या मलेच वाजवल्या.

अजून एक हाय. वर थांबली न ती, तवा माह्याकडं पाह्यलं तिनं. म्हने, "काका, उतार जास्त हाय. माह्याच्यानं नाई थांबनार." बाजूले खुशालराव उभा. अध्यक्ष घड्याळ पाहून राह्यला. अन् मी म्हनलं, "जा वं, काई होत नाई." माह्या भरोशावर गेली ते. तिनं चुकवलं नाई, तिले दिसलं होतं! साऱ्या कॉलेजात तिले एकटीलेच दिसलं, अन् तिलेच म्हनतेत खुर्ची आवरता येत नाई!

लिवलं? वाचून दाखवा. उतार देवीदासनं बांधला, बारा फुटाचा, धोका मालूम असून. मुलीनं आधी सांगतलं होतं. बरोबर. खुशालरावनं बारा सांगतलं, तेई लिवा. आता गुडघ्याचं — ते "निसटला" खोडा. खोडा म्हनतो न! "आता मोजन कोन" म्हनला न तो, तवा म्या पाह्यलं, उजवा गुडघा पाह्यला, वाटी कुठं असते ते मिस्त्रीले का समजत नाई, अन् मारला. एकच. तिथंच पडला जिथं पाह्यलं. आता चालू दे त्याले बारा फुटाच्या उतारावरून.

काय? राहू देऊ म्हनता, "निसटला" असलं तं दोन-चार वर्षं कमी होतीन? तुमचं मन चांगलं हाय साहेब. पन याच कागदावर पोरीचं बी हाय. यातली एक ओळ खोटी निंघाली तं खालची सगळीच खोटी म्हनतीन, अन् मंग तिच्या बाजूनं कोन राह्यते? खोडा. हा, तसं. द्या इकडं पेन. अंगठा नाई, सही येते मले.

घ्या. तो रुमाल तेवढा दवाखान्यात पोचवा. अन् उठा आता, पाहून काऊन राह्यले माह्याकडं? लावा कुलूप.