झऱ्यावरचे ऐन

साहेब : ...तर नवशा, तुमच्या झऱ्यावरची सगळी ऐनाची झाडं मेलीत. पाऊस कमी होत चाललाय, दुसरं काय! म्हणून वनखात्यानं वीस वर्षांचा, दोन हजार तीन सालापर्यंतचा आराखडा केलाय. ऐन तोडायचे, निलगिरी लावायची. कर अंगठा.

नवशा : मेली? कोन म्हनतं?

साहेब : मी स्वतः पाहिली. एकावरही फांदी नाही, पान नाही.

कोंडी : तुमच्या डोक्यावर तरी कुटं केस हायेत, सायेब? तुमी जिते हाव ना?

नवशा : कोंडे, गप गं.

साहेब : मग पाला गेला कुठं?

नवशा : वाऱ्यानं नेला.

साहेब : आणि फांद्या?

नवशा : वारा लई मोटा व्हता, सायेब.

कोंडी : आवो, किती फेकाल? त्यो झाडं तोडल! निलगिरी झरा पिऊन ऱ्हाईल हुभी, आन् वाडी पानी कुटनं पिनार? सायेब, झाडं पावसात परत फुटतील; फांद्या आमी तोडल्या. राबाला.

साहेब : राब म्हणजे?

कोंडी : तीन म्हयनं झालं कर्जतला येऊन, आन् राब ठावं नाय? पालापाचोळा शेतात पसरायचा, जाळायचा, मंग तितं भाताची रोपं करायची.

साहेब : पण झऱ्यावरच्या झाडांना कोयता लावायला बंदी आहे!

नवशा : तुमच्या आदी आमचीच हाय. बापजाद्यांपास्नं. पन गेल्या साली रोपं वर आली आन् पाऊस पळाला, समदी करपली. म्हून औंदा अर्दी आदी पेरायची, अर्दी मागनं. कंचीतरी जगतील. दोन राब म्हंजी पाला दुप्पट. बाकीची झाडं पुरली नाय.

साहेब : म्हणजे तुम्हीही आराखडा केलात.

कोंडी : तुमी ईस सालांचा केला. आमी एका पावसाचा.

साहेब : हसू नकोस. आता केस होणार. लावणीच्या दिवसांत कर्जतला खेपा घालाव्या लागतील. झाडावर कोण चढलं होतं?

नवशा : मी.

कोंडी : कायतरीच! ह्यांचा गुडघा दोन वर्सं वाकत नाय. ह्ये वट्यावर चढतात त्येच लई.

नवशा : कोंडे, तू गेलीस तर लावनी कोन करल?

कोंडी : बसून करा, चिखल मऊ आस्तो. लिवा सायेब, कोंडी नवशा ठाकूर.

साहेब : नीट विचार कर, बाई. एकदा लिहिलं की खोडता येत नाही.

कोंडी : मंग झाडं जिती हायेत, त्ये आदी लिवा. माजं नाव मागनं.