जिनिव्हाला नेलेला नारळ

नाही दिसला! डोंगर नाही दिसला, बर्फ नाही दिसला, झालं समाधान? तुम्हाला सांगते, बहारीनला परत येऊन आठवडा झाला नाही, तोच ह्या आमच्या गुदैबिया मोहल्ल्यातल्या एकूण एक माणसानं मला हाच प्रश्न विचारलाय! खाली किराणावाल्या जमालुद्दीनकडे नुसती कोथिंबीर आणायला गेले, तर जुडी हातात धरून ठेवून म्हणतो, "भाभीजी, पहाड़ दिखा?" अरे, तू कोथिंबीर सोड ना आधी! जिन्यात सुनीता भेटली, दोन पिशव्या, कडेवर पोरगा, तरी थांबली. "अगं, डोंगर कसा होता? कॅलेंडरातल्यासारखा?" मी म्हटलं, "अगदी तस्सा. फक्त कॅलेंडरात दिसतो आणि तिथे दिसत नाही." त्यावर मान तिरकी करून, आवाजात साखर कालवून बाई काय म्हणाली असेल? "असू दे गं. तेवढाच बदल!"

तेवढाच बदल! जो उठतो तो हेच! जाताना हेच, आल्यावर हेच...

आता कशातून बदल, ते तुम्हाला माहीत आहे. तरी सांगते, कारण ते तोंडानं कुणी म्हणतच नाही. जुलैमध्ये आमचं बाळ गेलं. सातव्याच महिन्यात आलं आणि राहिलं नाही. मला गुंगी दिलेली. डोळे उघडले तेव्हा खोलीत एसीची घरघर आणि स्टुलावर हे. हे म्हणजे आमचे हेमचंद्र, एअरकंडिशनिंगचे इंजिनिअर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर एसीकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्याचा कंप्रेसर जाणारेय." बस! त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही, कंप्रेसरच्या नाही हो, बाळाच्या! कंप्रेसरवर पुष्कळ बोलले.

मुलगा होता की मुलगी, तेही मला कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. विचारणार कसं? मी ही अशी! बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय, भीती म्हणजे काय ह्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय, आणि कुकरची शिट्टी झाली की दचकते. स्वतःच लावलेल्या कुकरची! ह्यांच्यासमोर बसायचं, 'अहो' म्हणायचं, ते 'काय?' म्हणायचे, आणि माझ्या तोंडून निघायचं, "आमटी वाढू?" किती आमटी वाढली मी ह्या माणसाला! एवढा एकच प्रश्न होता हो माझा. ह्यांना तर काहीच वाटत नाही असं वाटायचं, मग त्यांना विचारून तरी काय करायचं...

आणि ते कॅलेंडर! कुठल्याशा कंप्रेसर कंपनीचं, स्वयंपाकघरात लावलेलं. जुलैच्या पानावर जिनिव्हाचं तळं आणि मागे पांढराशुभ्र डोंगर. ऑगस्ट आला, पान उलटलं नाही. सप्टेंबर आला, नाही उलटलं. मी ओट्याशी उभी राहून त्या डोंगराकडे बघायची, दूध उतू जायचं. डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या, "मिस्टर, हिला कुठेतरी बदलाला न्या." दुसरा कुणी नवरा असता तर बायकोला माहेरी पोचवलं असतं की नाही? ह्यांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "इथे जाऊ या." अहो, माणूस महाबळेश्वरला जातो! पण झालं, चार दिवसांची रजा, तिकिटं, व्हिसा आणि अख्खी बिल्डिंग आनंदानं, "जा गं, तेवढाच बदल!"

निघायच्या आदल्या दिवशी तळमजल्यावरच्या रत्नाबाई वर आल्या. त्यांचे गणपतराव मीना सलमान बंदरात क्रेन चालवतात, मालवणकडची माणसं. पदराखालून काय काढलं? नारळ. शेंडीसकट. आणि हिरवा खण.

"माजा ऐक गो बाय. मोठ्या पाण्यार रिकाम्या हातान जाव नको. ह्यो आमच्या परड्यातलो, ह्यांनी गावासून हाडलेलो. थयसर तळ्याची ओटी भर."

मी म्हटलं, "अहो रत्नाबाई, ते स्वित्झर्लंड आहे!"

"मगे? थंयचा पाणी काय वेगळा आसता? पाणी बायलमाणूस गो. तेका सगळा कळता."

मानसशास्त्रात ह्याचं उत्तर नाही. नारळ घेतला, ह्यांच्या लोकरी पायजम्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. त्यांना नाही सांगितलं. कुंकू एका फिल्मच्या डबीत, हळद दुसरीत, तांदूळ पर्समध्ये.

जिनिव्हाच्या विमानतळावर तो कस्टमवाला... पांढरे हातमोजे, मिशा कशा, फूटपट्टीनं आखल्यासारख्या! बॅग उघडायला लावली आणि बाकीचं सगळं सोडून नेमका पायजमाच उचलला. त्यातून नारळ घरंगळला आणि टेबलावर शेंडी वर करून उभा! "व्हॉट इज धिस?" मी घाबरून म्हटलं, "फूड!" आणि त्याच क्षणी हे म्हणाले, "रिलिजन!" झालं! दोघांची दोन उत्तरं! त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नारळ कानाशी धरला आणि हलवला. आत पाणी डुचमळलं. मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं. त्यानंही कानाशी धरून हलवला. तिसऱ्यानं हलवला! अहो, मोठमोठी युनिफॉर्ममधली माणसं ओळीनं उभी राहून आमच्या रत्नाबाईंच्या परड्यातला नारळ ऐकताहेत आणि मी मनात म्हणतेय, धरणीमाते, स्विस असलीस तरी चालेल, पण पोटात घे! शेवटी परत दिला. हसले बिचारे.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चारू, तू नारळ आणलास? स्वित्झर्लंडला?" मी म्हटलं, "रत्नाबाईंनी दिला." तर आता बोलतील, मग बोलतील म्हणून मी वाट बघतेय... आणि त्यांनी काय केलं? नारळ माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या ओव्हरकोटाच्या खिशात ठेवला. मला वाटलं, लाज वाटली असेल.

आणि धुकं! धुकं म्हणजे किती? समोर तळं आहे हे पाट्या वाचून कळायचं. हॉटेलचा माणूस रोज सकाळी पाव पुढे ठेवायचा आणि वाकून म्हणायचा, "टुमॉरो, मादाम! माऊंटन टुमॉरो!" आमच्याकडे इंशाल्ला म्हणतात ना, तसंच. हे म्हणायचे, "रिलेटिव्ह ह्युमिडिटी शंभर टक्के आहे, दुसरं काय?" चार दिवस ह्या माणसानं मला हवेतला दमटपणा समजावून सांगितला. माझ्या डोळ्यांतला सोडून.

मी मात्र ठरवलेलं. इथे कुणी ओळखीचं नाही, जिना नाही, सुनीता नाही, इथे विचारायचंच! त्या फुलांच्या घड्याळासमोर बाकावर बसलो. खरोखरीची फुलं हो, त्यात काटे फिरतात! मी म्हटलं, "अहो, एक विचारू?" "विचार ना." आणि ठाण्ण! मागच्या चर्चची घंटा! मी बाकावरून उठलेच. "घंटा आहे ती, घाबरू नकोस." दुसऱ्या दिवशी रस्त्यात, "अहो..." टिंग टिंग टिंग! "ट्राम आहे ती." रात्री जेवताना म्हटलं आता तरी, तर वेटरनं शेजारच्या टेबलावर कसल्याशा भांड्याखाली भप्पकन जाळ केला! "चीज आहे ते." घंटा आहे, ट्राम आहे, चीज आहे... सगळं काय आहे ते ह्यांना सांगता येतं, आणि मला जे हवंय तेवढंच नाही! तेवढाच बदल!

शेवटची सकाळ उजाडली. दुपारी विमान. हॉटेलवाला म्हणाला, "टुमॉरो!" मी म्हटलं, बाबा, आम्हाला टुमॉरो मफी, शिल्लकच नाही! आणि ह्यांना म्हटलं, "मला ओटी भरायचीय." वाटलं, आता ह्युमिडिटी निघणार. तर म्हणाले, "चल."

धक्क्यावरून पाण्यात चार पायऱ्या उतरतात, तिथे बसले. डब्या उघडल्या, पाण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, तांदूळ काढले, तर धुक्यातून एक राजहंस आला. लांबून राजहंस कसला राजबिंडा दिसतो, जवळून नुसता सापासारखा फूत्कारतो! अर्धी ओटी त्यानंच खाल्ली. मी नारळाला खण गुंडाळला, गाठ मारली आणि पाण्यात सोडला. लाट आली, नारळ पायरीशी परत. ढकलला. परत. पुन्हा ढकलला, पुन्हा आपला पायाशी! माझं रडू अगदी ओठाशी आलं. म्हटलं, बाई गं, तुलासुद्धा माझं काही नको का?

"दे इकडे," हे म्हणाले. कोट काढला, बाही वर केली. कॉलेजात फास्ट बोलर होते हो! दोन पावलं मागे गेले, हात फिरवला आणि नारळ धुक्यात गडप. लांबवर कुठेतरी 'डुब्ब' झालं. मी हात जोडले. काय मागितलं? रत्नाबाईंनी सांगितलेलं, काय हवं ते माग म्हणून. मला मागता आलं नाही. 'जपून ठेव' एवढंच म्हटलं. कुणाला, कशाला, मलाच कुठे ठाऊक होतं?

आणि इतक्यात, माझ्या कानाशी, अगदी ह्या इथे, ढँऽऽग! धुक्यातून एक पिवळी होडी बाहेर आली. पलीकडच्या तीरावर माणसं नेतात ना, ती. नावाड्याच्या हातात लांब आकडी, आकडीला हिरवा खण आणि खणात आमचा नारळ! "व्वाला, मादाम!" होडीतल्या बायकामाणसांनी टाळ्या वाजवल्या! आणि तुम्हाला सांगते, एरवी दचकले की माझा प्रश्न आत जायचा, त्या दिवशी इतकी दचकले, इतकी दचकले की तो बाहेरच पडला. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं...

"अहो, मुलगा होता की मुलगी?"

ह्यांनी नावाड्याच्या हातातून नारळ घेतलेला होता. एका हातानं खालून आधार, दुसरा वरून. पाणी निथळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, नारळाकडे बघत म्हणाले, "मुलगी."

मग म्हणाले, "केस होते गं तिला. खूप. ओले होते."

नावाडी अजून तसाच उभा. मराठी त्याला कुठली कळायला? पण त्यानं टोपी काढली.

"मी घेतली होती तिला," हे म्हणाले. "तू गुंगीत होतीस. रत्नाबाई आल्या, त्यांनी पुसून घेतलं, कुंकू लावलं. ह्याच खणातला अर्धा फाडून तिला गुंडाळलं. मग गणपतरावांच्या पिकअपमधून मी आणि ते... मांडीवर होती माझ्या. सगळा रस्ता. एवढा उकाडा होता चारू, आणि त्या गाडीला एसी नव्हता." आणि आमचे हे, कंप्रेसरशिवाय न बोलणारे हे, जिनिव्हाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. एवढ्या मोठ्यानं की राजहंससुद्धा दूर सरकला. मी नाही दचकले. पहिल्यांदाच. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "घाबरू नका. मी आहे ही."

धक्क्यावरची एक म्हातारी, हातात इवलंसं कुत्रं, आमच्यापाशी आली आणि दोघांना एकेक चॉकलेट देऊन गेली. खाल्लं की आम्ही. नाक पुसत.

मग काय? विमानतळ. विमानात खिडकी मिळाली, तर तिच्याबाहेर भला मोठा पंख! इथे उतरल्यावर आपल्या कस्टमवाल्यानं नारळ बघितला, म्हणाला, "नारियल? खलास, यल्ला!" म्हणजे झालं, निघा! ना कानाशी धरणं, ना काही. रत्नाबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "पाण्यानं घेतलाच नाही हो." तर म्हणाल्या, "नाय घेतल्यान तर नाय. तुमचा आसा ता तुमच्याकडे ऱ्हवांदे."

तर तो आमच्याकडेच आहे. फ्रीजवर, वाटीत, शेंडीसकट. फोडायचा नाही असं ठरवलं नाही, पण फोडलाही नाही. घरात बाकी सगळं तेच. एसी तोच, आमटी तीच, मी कुकरला तशीच दचकते. फक्त हे रोज कामाला निघताना बूट घालून परत आत येतात, नारळ उचलतात, कानाशी धरतात आणि हळूच हलवतात. काल विचारलं, "काय ऐकता हो?"

म्हणाले, "पाणी आहे अजून."

आणि गेले. पूर्वी नुसतेच जायचे. तेवढाच बदल.